अर्धा सयपाक

जब्बारचाचा कुणाचंही पीठ चाखल्याशिवाय डब्यात पडू देत नसत. चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ खाली यायला लागलं की ते उजव्या हाताची बोटं त्या कोमट धारेत घालायचे, चिमूट चोळायचे, डोळे मिटायचे आणि ती चिमूट जिभेवर ठेवायचे. क्षणभर थांबायचे. मग एकतर मान हलवायचे, नाहीतर चाक फिरवून दगड किंचित आवळायचे. गहू असो, ज्वारी असो, हरभऱ्याची डाळ असो. डबा कॉलनीतल्या साहेबांचा असो की कोळशाच्या टोपल्या उचलणाऱ्या बाईचा, चिमटीत फरक नव्हता. दिवसभरात किती पीठ त्यांच्या पोटात जात असेल याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. त्यांनीही नाही.

कुणी हसलं तर म्हणायचे, "बाई, तुमी घरी जाऊन पोळ्या लाटान, भाकरी थापान, तो अर्धा सयपाक. बाकीचा अर्धा माह्या हातचा आहे. सयपाक्यानं चाखू नाई तं कोनं चाखाव?"

त्यांची चक्की माजरीला होती, आमच्या कॉलनीतून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माजरीत बाहेरचं सगळं काळं. रस्ता काळा, झाडांची पानं काळी, दोरीवर वाळत घातलेले शाळेचे मोजेसुद्धा संध्याकाळपर्यंत राखाडी. आणि चक्कीच्या आत पाऊल टाकलं की सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, कोळ्यांची जाळी पांढरी, चाचांच्या भुवया, पापण्या, कानांतले केस पांढरे. लहानपणी मला वाटायचं की ते म्हातारे आहेत. एकदा ईदच्या दिवशी आंघोळ केलेले, काळ्या दाढीचे चाचा शिरखुर्मा घेऊन दारात आले, तर मी ओळखलंच नाही. मी आत जाऊन आईला म्हणाले, कुणीतरी आलंय.

मी आठ वर्षांची असताना दळणाचा डबा घेऊन पहिल्यांदा एकटी गेले. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. माझं मराठी पुस्तकी होतं, चारचौघांत तोंड उघडलं की बायका हसायच्या. त्यामुळे मी उघडतच नसे. चक्कीवर तर बोलावंच लागायचं: किती बारीक, कशासाठी, कधी न्यायला येऊ. मी डबा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. चाचांनी झाकण उघडलं, गहू हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"पोळ्या?"

मी मान हलवली.

"रवा बी पाह्यजे का थोडा?"

मी मान हलवली नाही.

"बस झालं. इतल्या बोलण्यात तं लोकाइचे लग्न जमते," ते म्हणाले, आणि चक्की सुरू केली. त्या दिवसापासून त्यांनी मला 'कान्व्हेंट' हे नाव ठेवलं आणि माझ्याकडून कधीही शब्द मागितला नाही. मी डब्यावर बोट ठेवून दाखवायचे, ते समजायचे. रांगेतली एखादी बाई म्हणाली, "पोट्टी मुकी हाय का वं?" तर चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचे, "मुकी नाई, जमा करून राह्यली. बोलन तेव्हा तुमाले पुरनार नाई."

शुक्रवारी चक्की बंद असायची. सकाळी ते वरचा दगड खोलून उलटा करायचे आणि छिन्नी-हातोडीनं दोन्ही दगडांना टाकी लावायचे. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग तो धान्य दळत नाही, नुसतं तापवतो. म्हणून त्याच्यावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एका शुक्रवारी शिसं ओतायचे. वरच्या दगडाच्या पोटात एक लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर दगड फिरतो. ती ढिली झाली की चाचा खाणीच्या भंगारातून आणलेल्या जुन्या बॅटऱ्यांचं शिसं लोखंडी पळीत वितळवायचे आणि पट्टीच्या भोवतीच्या खोबणीत ओतायचे. ते बघायला आम्ही मुलं गोळा व्हायचो. चुलीवरच्या पळीत आधी राखाडी साय धरायची, चाचा ती काडीनं बाजूला सारायचे आणि खाली आरशासारखं काहीतरी थरथरायचं.

"शिसं थंड धातू," ते सांगायचे. "लोखंड अकडते, दगड अकडतो. दोघाच्या मंधात शिसं बसलं का भांडन नाई. माह्या उस्तादनं शिकवलं हे. त्याले त्याच्या उस्तादनं."

एकदा ओतताना एक थेंब फरशीवर पडला आणि बोराच्या बीएवढा गोल गोठला. चाचांनी तो फुंकून थंड केला, लुंगीला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "ने, कान्व्हेंट. चांदी आहे म्हून सांगजो." तो थेंब मी कंपासपेटीत ठेवला. कागदावर घासला की त्याची पेन्सिलीसारखी रेघ उमटायची. शाळेतली कुठलीच वस्तू मला इतकी आवडत नव्हती.

मी बी.एस्सी.ला चंद्रपूरला गेले, विषय रसायनशास्त्र. सुट्टीला घरी आले की आई जरा जास्त पांढरी दिसायची. पोटात कळ यायची, दोन-दोन दिवस शौचाला होत नसे, चिडचिड व्हायची, आणि ती म्हणायची, "मले काही नाई झालं, कोळशाची हवा आहे इथची." माजरीत सगळ्याचं उत्तर तेच होतं. डोकं दुखलं, कोळसा. मूल वाढत नाही, कोळसा. दवाखान्यातले डॉक्टरही आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन तेच सांगायचे. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आई उभ्या उभ्या कोसळली आणि बाबा तिला नागपूरला घेऊन गेले. मी बरोबर होते. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मग तिचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या मुळाशी, एक निळसर काळी रेघ होती.

"घरात कुणी बॅटऱ्यांचं काम करतं का?" त्यांनी विचारलं.

बाबा नाही म्हणाले. रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शिसं रक्त वाढू देत नाही, पोट पिळतं, नसा मारतं, हाडात जाऊन बसतं. आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं फार नुकसान करतं, कारण ते त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं. "औषध देतो," ते म्हणाले, "पण जिथून येतंय ते बंद केल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. अन्नातून येतंय का, पाण्यातून येतंय का, ते शोधा."

बाबा परतीच्या वाटेवर नळांच्या पाइपांचा विचार करत होते. मी घरी आल्यावर जुनी कंपासपेटी काढली, त्यातला थेंब काढला आणि वहीच्या पाठीवर रेघ ओढली. तोच रंग.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. आईला डॉक्टरांनी फक्त भात सांगितलाय, असं खोटं सांगून तिची पोळी बंद केली, बस. त्या वर्षांत आमच्या बाजारातही काही लोक पाटीवरचं नाव वाचून मग दुकानात शिरायचं की नाही ते ठरवू लागले होते. जब्बारच्या पिठात विष निघालं, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. चक्की गेली असती, कदाचित घरही. आणि मी गप्प राहिले तर रोजचे डबे दळून जातच होते. त्या तीन दिवसांत किती गेले असतील, ते मी आजही आठवत बसत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेलेली असताना मी गेले. चक्की थांबली होती, रांग नव्हती. चाचा पायरीवर बसून पंख्यासारखं सूप हलवत होते.

"काय वं कान्व्हेंट, डबा कुठी?"

मी घरून अख्खं भाषण तयार करून आणलं होतं. ते सगळं विसरले आणि एकच प्रश्न विचारला.

"चाचा, तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी नवीन शिसं ओतता. मग जुनं कुठे जातं?"

"घिसते," ते सहज म्हणाले.

"घासून कुठे जातं?"

सूप थांबलं. त्यांनी मान वळवून आत पाहिलं. दगडाकडे नाही, थेट त्या कापडी बाहीकडे, जिच्यातून पीठ येतं. मला पुढचं एक अक्षर बोलावं लागलं नाही. आईचं दुखणं मात्र सांगितलं, रेघ सांगितली, लहान मुलांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग चिडले. "मी सोता खातो. रोज खातो. साऱ्याइच्या पयले खातो. मले काही झालं काय?" असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि आम्ही दोघांनीही तो पाहिला. बोटं थरथरत होती. गेलं वर्षभर ते हातोडी डाव्या हातात धरत होते. आम्हाला वाटलं होतं, वयाचं असेल.

त्यांनी हात मागे घेतला. "मले दाखव," ते म्हणाले. "तुह्या कॉलेजात मशीन असन. पन असं तसं नाई. एकाच पोत्यातला गहू. अर्धा माह्या चक्कीवर, अर्धा माह्या मायच्या जात्यावर. मंग पाहू."

वीज आल्यावर त्यांनी दारात आलेले डबे परत पाठवले, मशीन बिघडली म्हणून सांगितलं. फक्त स्वतःचा गहू दळला. जात्यावर त्यांची बायको, हसीनाचाची, आणि मी बसलो. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून, दोन पुड्या घेऊन माझ्याबरोबर बसनं चंद्रपूरला आले. पुड्यांवर त्यांनी स्वतः खुणा केल्या होत्या आणि कुठली कुठली ते मला सांगितलं नव्हतं. "तू माह्याकडून बोलशीन," ते म्हणाले. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या सरांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. आम्ही दोन्ही पिठं जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली, गाळली. चाचा सगळं असं बघत होते जसं मी लहानपणी त्यांची पळी बघायचे. सरांनी दोन परीक्षानळ्यांत एकाच बाटलीतले, शिसं असलं की पाणी पिवळं करणारे थेंब टाकले. एका नळीतलं पाणी तसंच राहिलं. दुसरीत पिवळाजर्द ढग उतरला.

"हळद तं नाई न पडली त्याच्यात?" चाचांनी विचारलं. सर हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून खुणा ताडून पाहिल्या आणि त्या स्वच्छ नळीवर बोट ठेवलं.

"माय जितली माही," ते म्हणाले.

परतताना भद्रावती आलं. चाचा खिडकीकडे बघतच म्हणाले, "अर्धा सयपाक माह्या हातचा म्हने मी. तं अर्धी बिमारी बी माह्याच हातची झाली." मी म्हणाले, आधी फक्त बाबांना सांगू, मग चार शहाण्या माणसांना, हळूहळू.

"हळूहळू कोनाले?" त्यांनी विचारलं. "ज्याले मंगळवारी सांगाचं, त्यानं मंगळवारपर्यंत शिसं खाव? उद्या जुम्मा आहे. दगड खोलाचाच आहे."

शुक्रवारी सकाळी माजरीनं न पाहिलेली गोष्ट पाहिली. चक्कीचा वरचा दगड रस्त्यावर होता. चाचा, बाबा आणि दोन हमालांनी तो बाहेर आणून पायरीला टेकवून उलटा उभा केला होता, पोट लोकांकडे करून. मधोमध शिशाचं राखाडी कडं, आणि दळणाच्या बाजूला जिथे जिथे ते वर आलं होतं तिथे घासून चकचकीत झालेलं. बंद असलेल्या दिवशी चक्की उघडी दिसली म्हणून बायका डबे घेऊन आल्या, मग दगड दिसला म्हणून माणसं थांबली.

सगळ्यात पुढे कमलाबाई होत्या. खाणीवर कामाला जाणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या, आणि कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या. "काय हो भाऊ, दगडाले ऊन देऊन राह्यले का?"

चाचा पायरीवर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. चुलीवरची पळी, पट्टी, पिवळी नळी. मध्ये एकदाही 'बहुतेक' किंवा 'म्हणतात' असं म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "हे सारं पिठात गेलं. पीठ तुमच्या पोटात गेलं. मले मालूम नोतं. पन घातलं मीच."

मग मागून एक माणूस म्हणाला, "मालूम कसं नसन? याइले सारं मालूम असते." तो 'याइले' एका माणसापुरता नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. बाबा एक पाऊल पुढे सरकले. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच.

चाचांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी अंगठ्यानं स्वतःचा खालचा ओठ खाली ओढला आणि उन्हाकडे तोंड केलं. आईच्या हिरडीवर रेघ होती. त्यांच्या हिरडीवर काठ होता, लुगड्याच्या काठासारखा रुंद, निळा-काळा.

कमलाबाई डबा खाली ठेवून पुढे झाल्या आणि एखाद्या बैलाचे दात पाहावेत तसं त्यांच्या तोंडात डोकावल्या. "हे शिशाचं होय का पानाचं?"

"पान सोडून तेरा साल झाले," चाचा ओठ न सोडता म्हणाले. "तुमीच तं सोडाले लावलं. पिठात पिचकारी पडन म्हने."

कुणीतरी हसलं. कमलाबाईंनी स्वतःचा ओठ ओढला आणि शेजारणीकडे वळल्या. "पाह्य वं, माह्या हाय का?" मग शेजारणीनं आपला दाखवला. पाच मिनिटांत त्या रस्त्यावर अख्खी रांग एकमेकींच्या तोंडात बघत होती. कुणाला रेघ होती, कुणाला नव्हती, कुणाला मिश्रीमुळे समजत नव्हतं. कमलाबाई मागच्या त्या माणसाकडे गेल्या. "तू बी दाखव. मोठा बोलून राह्यला होता." त्यानं नाईलाजानं दाखवला. त्याच्याही हिरडीवर होती.

"ज्यानं घातलं त्याच्या बी तोंडात तेच, ज्यानं खाल्लं त्याच्या बी तोंडात तेच," कमलाबाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "माह्या पिंकीचं पोट दुखते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पिंकी त्यांची चार वर्षांची नात. "कोळशानं दुखते म्हने डाक्टर. शिकवलेलं काही ध्यानात राहात नाई तिच्या." त्यांनी चाचांकडे पाहिलं आणि त्या नजरेत मघाचा विनोद उरला नव्हता.

चाचांनी मान खाली घातली. "तिले पयले ने, बाई. आजच."

बाबांनी वर्कशॉपमधून जीप मिळवली. पिंकी आणि आणखी पाच मुलं त्याच दिवशी नागपूरच्या त्या डॉक्टरांकडे गेली. चाचा जीपच्या मागच्या फळीवर बसून गेले. कमलाबाई जाताना आणि येताना त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढे दोन महिने बोलल्या नाहीत. काही घरं तर परत कधीच आली नाहीत, आणि चाचा कुणालाही त्याबद्दल दोष देत नसत.

ते दोन महिने चक्कीवर काम चालू होतं. चाचांनी छिन्नीनं खोबणीतला शिशाचा कण न् कण काढला, डाव्या हातानं, तोंडाला फडकं बांधून. तरी समाधान होईना. म्हणाले, "दगडाच्या पोटात किती मुरलं, कोनाले मालूम," आणि तो दगड सोडून नवा आणला. बाबांनी वर्कशॉपात लोखंडी कडं बनवलं, नटबोल्टनं आवळायचं, ओतायचं काहीच नाही. दोघं रोज संध्याकाळी तिथे बसून भांडायचे. बाबा म्हणायचे, दोन बोल्ट पुरे. चाचा म्हणायचे, चार. चार झाले. नव्या दगडाचं पहिलं पीठ मी कॉलेजात नेलं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही वेळा नळी स्वच्छ. तिसऱ्या वेळी चाचांनी मला विचारलं, "पिवळं नाईच झालं?" मी नाही म्हणाले. ते आत जाऊन हसीनाचाचीला सांगून आले.

पहिला डबा कमलाबाईंनी आणला. चक्कीच्या ओट्यावर आपटला आणि म्हणाल्या, "दळा. आन चाखू नोका."

"नाई चाखत," चाचा म्हणाले. आणि खरंच, त्यांनी पुन्हा कधी कुणाचं पीठ चाखलं नाही. डॉक्टरांनी मना केलं म्हणून नव्हे. नव्या पिठात काहीच नव्हतं. बोटांनी चोळायचे, डोळे मिटायचे, आणि तिथेच थांबायचे. मी एकदा विचारलं. म्हणाले, "इतले साल जिभेवर ठेवलं, जिभेनं सांगितलं नाई. गवाही देनारा झूटा निघाला का त्याले पुन्हा नाई बलावत."

आई सावकाश सुधारली. वर्षभरात तिचा रंग परत आला आणि चिडचिड थोडी उरली ती, बाबांच्या मते, मूळचीच होती. पिंकीचं पोट दुखायचं थांबलं. तिचं शिकण्यातलं नुकसान किती भरून आलं ते कुणी सांगू शकलं नाही. ती दहावी झाली आणि आज तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे, एवढं मला माहीत आहे.

खरे चाचा मला त्यानंतर दिसले. त्यांनी माझा तो थेंब परत मागितला. "तो खिलौना नाई. दे इकडे." तो एका डबीत ठेवून ते दर शुक्रवारी सायकलवर निघायचे. आसपासच्या गावांत, जिथे जिथे आडव्या दगडाची चक्की असेल तिथे. चक्कीवाले वैतागायचे. माजरीच्या जब्बारचं डोकं फिरलं, असंही बोललं गेलं. ते वाद घालत नसत. डबी उघडायचे, माझा प्रश्न विचारायचे, "जुनं कुठी जाते?", आणि मग ओठ खाली ओढायचे. त्यांनी मला सांगितलं होतं, "दोन सवाल विचारले का माणूस भांडते. एकच विचारला का रात्री झोपत नाई." बहुतेक जण पंधरवड्यात निरोप पाठवायचे: कडं कसं बनवलं ते दाखवा.

नागभीड त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथे त्यांचे उस्ताद राहत होते, ज्यांनी त्यांना शिसं ओतायला शिकवलं. तिथे ते मला घेऊन गेले, पण नळ्या आणू नको म्हणाले. धानाच्या शेताला लागून उस्तादांचं घर होतं. अंगणात बाजेवर ते बसले होते, फार म्हातारे, आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, ओल्या फडक्यासारखा. चाचा त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले. डबी उघडली नाही, ओठ ओढला नाही. सरळ सांगितलं.

उस्तादांनी डाव्या हातानं तो लोंबता हात उचलून मांडीवर घेतला. "हा हात गेला तेव्हा कोनी म्हने वारं गेलं," ते म्हणाले, "कोनी म्हने करनी केली. मी म्हनलो, आपलंच पाप असन. रोज दुवा मांगली, का बाप्पा, कोनतं पाप ते तं सांग." मग त्यांनी चाचांकडे पाहिलं. "तं हे शिसं होय म्हनतं तू?"

"हो, उस्ताद."

"म्हंजे पाप नाई?"

"नाई."

म्हातारा हसला. दात नसलेलं ते हसू मी विसरू शकत नाही. इतक्या वर्षांचं ओझं खाली ठेवलेल्या माणसाचं हसू होतं ते. मग डावा हात चाचांच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "जाय मंग, बाकीच्याले सांग. माहं नाव घेऊन सांगजो, का उस्ताद गलत शिकवे."

मी पुढे नागपूरला अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तांदूळ, पीठ, तिखट, हळद, पाणी; जे येईल ते. अजूनही मी कमी बोलते. पण एखाद्या नमुन्यात नको ते निघालं की फोन उचलते आणि लगेच सांगते, मंगळवारपर्यंत थांबत नाही.

चाचा दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेत. त्याच्या आदल्या दिवाळीत मी माजरीला गेले होते. चक्की त्यांचा पुतण्या चालवत होता आणि चाचा पायरीवर बसून डबे घेऊन येणाऱ्यांना चिडवत होते. भुवया आता पीठ नसतानाही पांढऱ्या होत्या. मी नागपूरहून कंपनीच्या पिठाची एक पिशवी नेली होती, छापील, चकचकीत. त्यांना दाखवायची म्हणून, गंमत म्हणून. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, कोपरा फाडला, चिमूटभर पीठ काढून चोळलं आणि डोळे मिटले.

"तपासलं तू?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा. मीच तपासलं."

"काही नाई निघालं?"

"काही नाही."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग थरथरता हात वर नेला आणि ती चिमूट जिभेवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांनी. ते क्षणभर थांबले, मान कलती केली आणि तोंड वाकडं केलं.

"जाडं दळलं," ते म्हणाले. "कोन्या आळशानं दळलं हे."